शीर सापडत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

हात पुढे केला, पट्टा बांधला, मूठ वळली. टेक्निशियनचं बोट कोपराच्या खळग्यात फिरतंय आणि कुठंच थांबत नाहीये. मग दुसरा हात, मग परत पहिला. शेवटी सुई जाते, ट्यूबच्या तळाशी थोडंसं रक्त साचतं आणि धार बंद. एवढं सोसल्यावर संध्याकाळी निरोप येतो: सॅम्पल खराब झालंय, पुन्हा द्यावं लागेल. काढलेलं रक्त खराब कसं होतं, हा प्रश्न अशा वेळी कुणालाही पडेल आणि तो रास्तच आहे.

इथं दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे रक्त येतच नाही. दुसरी, रक्त येतं पण तपासण्याच्या लायकीचं राहत नाही. पेशंटला पहिली जाणवते, कारण ती दुखते. लॅबला धास्ती दुसरीची असते. न मिळालेलं रक्त कुणाला फसवत नाही. ओढूनताणून मिळवलेलं रक्त मात्र चुकीचा आकडा छापून डॉक्टरांच्या हातात देतं. अवघड रक्त काढण्याचं सगळं कसब या दुसऱ्या अडचणीला टाळण्यात आहे, आणि त्यातलं बरंचसं काम सुईचं टोपण निघण्याआधीच झालेलं असतं.

## शीर कशी असते आणि दडते का?

हृदयाकडून निघालेलं रक्त धमन्यांतून जातं आणि परतीचं रक्त शिरांतून येतं. धमनीची भिंत जाड आणि आत दाब मोठा, म्हणून ती बोटाखाली ठोके देते. शिरेची भिंत पातळ आणि दाब अगदी थोडा. पाणी चालू असताना फुगलेला कापडी पाइप आणि नळ बंद केल्यावर जमिनीवर चपटा पडलेला तोच पाइप डोळ्यांसमोर आणा. भरलेली शीर गोल असते, रिकामी शीर चपटी. चपट्या पाइपात सुई घातली तर ती वरच्या भिंतीतून शिरून लगेच खालच्या भिंतीतून बाहेर पडते.

म्हणून जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या, पाणी न प्यायलेल्या, थंडीनं गारठलेल्या माणसाची शीर लागत नाही. भीतीचंही तेच. घाबरलं की शरीर त्वचेजवळच्या शिरा आवळून घेतं. गेल्या महिन्यात दोरीसारखी वर आलेली शीर आज जागेवर नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. बहुतेक उपाशीपोटी तपासण्यांना साधं पाणी चालतं. 'उपाशी' याचा अर्थ लोक 'पाण्याचा थेंबही नाही' असा घेतात आणि सकाळी सुकलेल्या शिरा घेऊन येतात. ही गैरसमजूत लॅबनं आदल्या दिवशीच दूर केली तर बऱ्याच अवघड केसेस सोप्या होतील.

कोपराच्या खळग्यात कामाच्या शिरा तीन. मधली तिरकी शीर ही पहिली पसंती: जाड, त्वचेजवळ, आसपासच्या ऊतींत घट्ट रुतलेली, आणि तिथं दुखतंही कमी. दुसरी अंगठ्याच्या बाजूची. स्थूल माणसांत मधली चरबीखाली हरवते, तेव्हा तळहात थोडा खाली वळवून ही शोधली तर पुष्कळदा हाती लागते. तिसरी करंगळीच्या बाजूची. ती दिसायला सगळ्यांत ठसठशीत असते, आणि इथंच पेशंट म्हणतो, "अहो, ही काय समोर दिसतेय की!" पण तिच्या शेजारी हाताची मुख्य धमनी आणि मोठा मज्जातंतू असतो. ती सैलही असते, सुई लागली की सरकते. म्हणून दोन्ही हातांच्या पहिल्या दोन शिरा तपासल्याशिवाय तिच्याकडे जायचं नाही.

त्यानंतर हाताच्या पंजाची मागची बाजू. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं निळ्या रेघा स्पष्ट दिसतात, तिथं टोचत नाहीत. तिथं मज्जातंतू, स्नायूबंध आणि धमनी अगदी वरवर असतात. पायाची शीर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही, मधुमेही माणसाची तर नाहीच.

## पट्टा किती वेळ ठेवायचा?

दंडाला बांधायच्या पट्ट्याला टूर्निकेट म्हणतात. तो टोचायच्या जागेच्या वर साधारण ७ ते १० सेंटिमीटरवर बांधतात. त्यानं परतीचं रक्त अडावं, पण जाणारं रक्त अडू नये, एवढाच ताण हवा. परीक्षा सोपी आहे: पट्टा बांधल्यावर मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाडी गेली तर हातात नवं रक्त येणंच थांबलं, मग शीर फुगणार कशानं? 'शीर दिसत नाही, अजून घट्ट बांधा' हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो.

बांधलेल्या हातावर शिरांच्या गाठी उठतात, त्या झडपा. रक्त मागं जाऊ नये म्हणून शिरेत ठरावीक अंतरावर त्या असतात. विल्यम हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरण मांडताना पुरावा म्हणून हाच बांधलेला हात दाखवला होता. टेक्निशियनला त्या गाठींचं महत्त्व वेगळ्या कारणानं आहे: सुईचं टोक झडपेवर टेकलं की रक्त थांबतं. गाठ टाळून टोचायचं.

पट्ट्याची मर्यादा एक मिनिट. त्यापुढे अडलेल्या रक्तातलं पाणी शिरेच्या भिंतीतून आजूबाजूला झिरपतं, आणि मोठे रेणू व पेशी आतच राहतात. म्हणजे रक्त आटतं. प्रथिनं, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, कॅल्शियम यांचे आकडे खोटे वर जातात. शीर शोधायलाच मिनिट गेलं तर पट्टा सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बांधायचा. गर्दीच्या सकाळी ही दोन मिनिटं जिवावर येतात, हे खरं. पण पट्टा बांधलेलाच ठेवून सुई शोधणं, लेबल वाचणं, कापूस काढणं ही सवय वाईट. आधी सगळी मांडामांड, मग पट्टा.

## "मूठ उघड-बंद करा" असं कशाला सांगू नये?

मूठ वळून धरणं ठीक. जोरजोरात उघड-बंद करणं मात्र टाळायचं. राबणारे स्नायू पेशींतलं पोटॅशियम बाहेर सोडतात, आणि अडलेल्या हातात ते साचतं. पोटॅशियम हा रक्तातला असा क्षार आहे की त्याची नेहमीची मजल फार थोडी असते, ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर. मूठ पंप केल्यानं तो एका मिलिमोलनं, कधी त्याहून जास्तही वर जाऊ शकतो. ४.६ चा माणूस कागदावर ५.८ चा होतो. आता डॉक्टर त्याच्या हृदयाची काळजी करणार, औषधं बदलणार. आजार काहीच नाही, फक्त मूठ.

## शीर डोळ्यांनी नाही, बोटानं शोधतात

दिसणारी निळी रेघ आणि टोचण्याजोगी शीर या वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या निळ्या रेघा बऱ्याचदा दोऱ्याएवढ्या बारीक असतात. कामाची शीर काही मिलिमीटर खाली असते आणि ती फक्त बोटाला लागते. तर्जनीचं टोक ठेवून हलकं दाबायचं आणि सोडायचं. भरलेली शीर दबते आणि परत उसळते, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी. स्नायूबंध कडक असतो, उसळत नाही, आणि हात हलवला की ताणतो. धमनी ठोके देते. वारंवार टोचून गुठळी धरलेली शीर वायरसारखी लागते, दाबली तरी दबत नाही. तिच्यातून रक्त येणार नाही, तिला सोडून द्यायचं.

अंगठ्यानं चाचपू नये, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते आणि शिरेला धमनी समजायचा घोळ होतो. शीर सापडली की ती कुठल्या दिशेनं जाते तेही बोटानं दोन-तीन सेंटिमीटर माग काढून बघायचं. जागा बरोबर आणि दिशा चुकली, तर सुई शिरेला आडवी छेदून जाते. नवशिक्याच्या चुकलेल्या टोचणीत मला वाटतं दिशेचा दोष जागेपेक्षा जास्त असतो.

काहीच लागत नसेल तर हात खुर्चीखाली एक-दोन मिनिटं लोंबता सोडायचा, गुरुत्वाकर्षण फुकटात काम करतं. किंवा कोमट ओलं फडकं तीन ते पाच मिनिटं. तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर नको, नाहीतर त्वचा भाजते. शिरेवर हलक्या टिचक्या चालतील. चापट्या मारून लाल करणं हा जुना प्रकार सोडून दिलेला बरा. त्यानं दुखतं, त्वचा काळीनिळी पडते आणि आतल्या पेशीही फुटू शकतात.

## सुई आत आहे, मग रक्त का नाही?

हा या कामातला सगळ्यांत कसोटीचा क्षण, आणि तो पाच-सात सेकंदांचाच असतो. नीट बघू.

त्वचा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेली आहे आणि ती हवेनं वाळली आहे. अर्धा मिनिट लागतो. ओल्यावर टोचलं तर झोंबतं, आणि अल्कोहोल रक्तात मिसळलं तर पेशी फोडतं. सुईच्या तिरक्या कापाचं तोंड वर आहे. डाव्या अंगठ्यानं टोचायच्या जागेच्या खाली तीन-चार सेंटिमीटरवर त्वचा खाली ताणून धरली आहे. हा अंगठा महत्त्वाचा. तो ढिला पडला की शीर बाजूला घरंगळते, टेबलक्लॉथखालची पेन्सिल बोटानं दाबायला गेल्यावर सरकते तशी. 'यांची शीर पळते' म्हणतात त्यात पुष्कळदा पळते ती शीर आणि सुटलेला असतो तो अंगठा. सुई १५ ते ३० अंशांत आत जाते. वरवरच्या शिरेला कमी, खोल शिरेला जास्त. शिरेची भिंत ओलांडताना बोटांना हलकासा 'टक्' जाणवतो.

आता ट्यूब लावली आणि रक्त नाही. शक्यता चार-पाचच असतात. सुई अजून शिरेच्या वरच आहे: मिलिमीटरभर पुढे सरकवायची. सुई पलीकडच्या भिंतीत घुसली आहे: किंचित मागं घ्यायची. कापाचं तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं आहे: सुईचा कोन जरा कमी करायचा किंवा ती अगदी थोडी फिरवायची. ट्यूबमधली निर्वात पोकळी संपलेली आहे, म्हणजे ट्यूब जुनी किंवा आधी भोक पडलेली: दुसरी ट्यूब लावायची. हे फार साधं कारण म्हणून सगळ्यात शेवटी सुचतं, सुचायला हवं सगळ्यात आधी.

पाचवं कारण शीर मिटण्याचं. आजकालच्या ट्यूबमध्ये आधीच निर्वात पोकळी असते, ती रक्त आपोआप ओढून घेते. नाजूक शिरेला ही ओढ सोसत नाही. मऊ स्ट्रॉमधून जोरात ओढल्यावर ती मधेच चपटी होते, तसंच. तेव्हा ट्यूब काढून घ्यायची, पट्टा किंचित नीट करायचा, शीर पुन्हा भरू द्यायची, आणि मग लहान आकाराची ट्यूब लावायची. तिची ओढ कमी असते. किंवा सिरिंज घ्यायची आणि दट्ट्या इतका हळू ओढायचा की तो आणि रक्त यांच्यात रिकामी जागाच राहू नये.

काय करायचं नाही? सुई आत ठेवून डावी-उजवीकडे शिरेचा आंधळा शोध घ्यायचा नाही. मागं-पुढं एका रेषेतली हालचाल चालते. आडवी हालचाल म्हणजे आतल्या आत कापणं: मज्जातंतू दुखावतो, रक्त ऊतींत पसरतं. टोचलेल्या जागी फुगा उठू लागला, तर रक्त येत असलं तरी थांबायचं. आधी पट्टा सोडायचा, मग सुई काढायची, मग दाबायचं. हा क्रम उलटा केला तर अडलेलं रक्त भोकातून उसळतं आणि हात आठवडाभर काळानिळा राहतो.

## मग बारीक सुई का घेत नाहीत?

सुईच्या जाडीचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. रोजच्या कामाला २१ नंबर, टोपण हिरवं. थोड्या बारीक शिरेला २२, टोपण काळं. पंजाच्या मागच्या किंवा लहान मुलांच्या शिरांना २३, निळं. ती बहुधा पंख आणि लवचीक नळी असलेल्या बटरफ्लाय सेटमध्ये येते.

"सगळ्यात बारीक घ्या, कमी दुखेल" हे म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. नळीतून वाहणारा द्रव तिच्या आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. ही त्रिज्या दोन तृतीयांश केली, तर त्याच ओढीनं येणारा प्रवाह साधारण पाचव्या भागावर येतो. सुई जास्त वेळ आत राहते, रक्त ट्यूबमध्ये पोचेपर्यंत गोठायला लागतं, आणि अरुंद वाटेतून जोरानं खेचलेल्या लाल पेशी फुटतात. २५ नंबरच्या सुईला मोठी ट्यूब लावणं म्हणजे दाराच्या फटीतून गर्दी ढकलणं. बारीक सुई घ्यायचीच तर ओढही कमी हवी: लहान ट्यूब, सावकाश सिरिंज.

## काढलेलं रक्त खराब कसं होतं?

लाल पेशी फुटून आतला रंग बाहेरच्या द्रवात मिसळणं म्हणजे हिमोलिसिस. गरगर फिरवून पेशी खाली बसवल्या की वर पिवळसर पाणी राहायला हवं. ते गुलाबी किंवा लाल दिसलं की सॅम्पल बाद. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उडतो. काही एन्झाइमही पेशीतून बाहेर येतात आणि यकृत बिघडल्याचा भास होतो.

पेशी फुटतात त्या बहुतेक वेळा माणसाच्या हातानं. सिरिंजचा दट्ट्या झटक्यानं ओढणं. सिरिंजमधलं रक्त सुईतून ट्यूबमध्ये जोरानं ढकलणं. ट्यूब औषधाच्या बाटलीसारखी हलवणं. सिरिंजमधून ट्यूब भरायला सुरक्षित जोड मिळतो, तो लावून ट्यूबला आपल्या ओढीनं भरू द्यायचं, दट्ट्याला हात लावायचा नाही. मिसळायची पद्धत म्हणजे ट्यूब सावकाश पूर्ण उलटी करून सरळ करणं. निळ्या टोपणाची तीन-चार वेळा, जांभळ्या आणि हिरव्या टोपणाची आठ ते दहा वेळा. मिसळायला उशीर केला तर जांभळ्या ट्यूबमध्ये सूक्ष्म गुठळ्या होतात आणि प्लेटलेटचा आकडा खोटा कमी येतो. अवघड रक्त हळूहळू येत असताना हे हमखास घडतं, कारण सगळं लक्ष सुईकडे असतं आणि भरलेली ट्यूब ट्रेमध्ये पडून असते.

ट्यूबांची रंगीत टोपणं शोभेची नाहीत. आत वेगवेगळी रसायनं असतात आणि भरायचा क्रम ठरलेला आहे: आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची बाटली), मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ आहे आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. असा जोडीचा विचित्र आकडा दिसला की अनुभवी माणूस पेशंटकडे नाही, ट्यूबकडे बघतो. रक्त कमी आलं म्हणून एका ट्यूबमधलं दुसरीत ओतणं हाही तोच गुन्हा.

निळी ट्यूब सगळ्यात हट्टी. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, गोठण्याची चाचणी तिच्यावर होते, आणि प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असंच लागतं. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उशीर लागतो असा खोटा निकाल येतो. बटरफ्लायच्या नळीत सुमारे अर्धा मिलीलिटर हवा असते. निळी ट्यूब पहिली लावली तर ती ही हवा आधी गिळते आणि तेवढी अपुरी राहते. म्हणून बटरफ्लाय वापरताना आधी एक टाकाऊ ट्यूब लावून नळी रक्तानं भरून घेतात. पेशंटला वाटतं रक्त वाया घालवलं.

इतक्या ट्यूबा कशाला, ही तक्रार इथंच निकालात काढू. चार ट्यूबांचं मिळून दहा-बारा मिलीलिटर होतं, आणि प्रौढ शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. पाव टक्क्याच्या आसपास. तान्ह्या बाळाचा हिशोब मात्र निराळा आहे.

## बाळ, म्हातारा हात, सलाईनचा हात

नवजात बाळात किलोमागे ८० ते ८५ मिलीलिटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून अडीचशे. त्यातले पाच मिलीलिटर म्हणजे दोन टक्के. म्हणून जमेल तिथं टाचेतून थेंब घेतात: टाचेच्या कडेला, मधोमध नाही, आणि खोली दोन मिलिमीटरच्या आत, कारण खाली हाड आहे. पहिला थेंब पुसून टाकायचा, त्यात ऊतींचं पाणी असतं. टाच पिळायची नाही. थेंबांच्या बाबतीत ट्यूबांचा क्रम बदलतो, जांभळी आधी घेतात, कारण थेंब लवकर गोठायला लागतात. थोड्या मोठ्या मुलाला आईच्या मांडीवर बसवून हात धरायला दुसरं माणूस हवंच; एकट्यानं काढायचा हट्ट म्हणजे दोन टोचण्या.

म्हाताऱ्या माणसाच्या शिरा ठळक दिसतात आणि तरी फसवतात. त्वचेखालचा आधार झिजलेला असतो, त्यामुळे शीर घरंगळते, आणि भिंत ठिसूळ असल्यानं फुटते. पट्टा बाहीवरून आणि सैल बांधायचा, कधी पट्ट्याऐवजी रक्तदाबाचा कफ पाऱ्याच्या ४० मिलिमीटरपर्यंत फुगवून काम भागतं. कोन कमी, त्वचेचा ताण नीट, सुई २२ किंवा २३.

सलाईन चालू असेल तर पेशंटचे नातेवाईक म्हणतात, "आधीच सुई आहे ना, त्यातूनच घ्या." त्यातून येईल ते रक्त आणि सलाईनचं मिश्रण. ग्लुकोजची बाटली असेल तर साखर भलतीच वाढलेली, बाकी सगळं पातळ. कॅन्युलातून, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीतून, ओढताना पेशीही जास्त फुटतात. दुसरा हात घ्यायचा. दोन्ही हातांत सलाईन असेल तर नर्सला सांगून ती किमान दोन मिनिटं बंद करायची आणि सलाईनच्या खालच्या भागातून काढायचं. वरून कधीच नाही. कशातून आणि कुठून घेतलं ते फॉर्मवर लिहायचं.

डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलाच्या हाताला पट्टाही लावायचा नाही. तो हात त्या माणसाची जीवनवाहिनी आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण तिथं लसीका (ऊतींतून परतणारं पाणी) साचून सूज येते. सुजलेल्या, भाजलेल्या, गोंदणाच्या ताज्या त्वचेतूनही नाही.

## दोनदा टोचलं म्हणजे हात कच्चा?

नाही. हात कच्चा असल्याची खूण तिसरी टोचणी आहे. एका माणसानं दोन प्रयत्न, त्यानंतर दुसऱ्याला बोलवायचं, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. दोनदा चुकल्यावर टेक्निशियनचा हात ताठरतो, पेशंट आक्रसतो, शिरा आणखी दडतात. दुसरा माणूस जास्त हुशार असायची गरज नाही, ताजा असला तरी पुरतं. "तुमच्याकडून नाही जमत, दुसऱ्यांना बोलवा" असं पेशंटनं म्हटलं तर त्याचा राग मानू नये. तो संकेतच बोलून दाखवतोय.

## शीर दाखवणारं यंत्र आहे की!

आहे, आणि कामाचंही आहे. ते त्वचेवर अवरक्त प्रकाश टाकतं. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, आसपासची ऊती परत पाठवते, त्यामुळे शिरेचा काळा नकाशा त्वचेवर उमटतो. पण नकाशात खोली कळत नाही. वरवरच्या बारीक शिराही तितक्याच ठळक दिसतात आणि खोल, जाड शीर दिसतच नाही. सुईचा कोन आणि अंगठ्याचा ताण यंत्र देत नाही. बोटानं चाचपणं येणाऱ्याला ते मदत करतं. न येणाऱ्याला दिसणाऱ्या शिरेवर चुकायला शिकवतं. खोल शिरेसाठी सोनोग्राफी खरी उपयोगाची, पण त्याला वेगळा सराव लागतो.

## कधी लगेच सुई काढायची

विजेचा झटका लागल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली, मुंग्या आल्या, तर सुई मज्जातंतूला लागली आहे. "थोडं सहन करा, रक्त येतंय" हे वाक्य इथं गुन्हा आहे. पट्टा सोडा, सुई काढा, नोंद करा, डॉक्टरांना कळवा. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं आलं तर धमनी लागली. काढून किमान पाच मिनिटं घट्ट दाबायचं, आणि स्वतः दाबायचं. पेशंट पांढराफटक पडला, घाम फुटला, उत्तरं देईना, तर तेच: पट्टा, सुई, आडवं करणं, पाय वर. आधी कधी भोवळ आली असेल तर ती सुरुवातीलाच सांगावी. आडवं पडून रक्त देण्यात काही कमीपणा नाही.

## सुई निघाल्यानंतर

कापूस ठेवून हात सरळ ठेवायचा आणि दाबायचा, दोन-तीन मिनिटं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पाच किंवा अधिक. कोपर दुमडून कापूस आत अडकवायची पद्धत सर्रास दिसते. त्यानं भोकावर नीट दाब येत नाही, आणि कोपर उघडताच शीर पुन्हा वाहते.

लेबल पेशंटच्या समोर, त्याचं पूर्ण नाव आणि दुसरी एखादी खूण त्याच्याच तोंडून ऐकून, ट्यूब भरल्यावर लावायचं. आधी लावलेल्या लेबलाची ट्यूब अवघड केसमध्ये हमखास गोंधळ घालते, कारण ती वाया जाते आणि घाईत दुसरी उचलली जाते.

आणि रक्त शेवटी जिथून मिळालं, ते लिहून ठेवायचं. 'उजवा हात, अंगठ्याच्या बाजूची शीर, तळहात खाली वळवून, २३ बटरफ्लाय, लहान ट्यूब, आडवं झोपवून.' फाइलमधल्या या एका ओळीवर पुढच्या वेळचा माणूस पहिल्याच टोचणीत काम करू शकतो. पेशंटनंही ती मोबाइलमध्ये लिहून घ्यावी आणि खुर्चीत बसल्याबसल्या वाचून दाखवावी.